शत्रू ठरलेले वन

सायगॉन बंदराकडे जाणारी जहाजे कान जिओच्या खारफुटीतील खाड्यांतून वाट काढत. त्याच दाटीत दबा धरून व्हिएत काँगचे गनीम त्यांवर हल्ले करत. परिणामी १९६०च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या लेखी हे वनच शत्रू ठरले. विमानांतून ‘एजंट ऑरेंज’सारखी तणनाशके त्यावर फवारली गेली.

खारफुटी एका फवारणीनेही मरत असे. बी देणारी झाडेच न उरल्याने ओसाड चिखल आपोआप हिरवा होण्याची आशा मावळली.

युद्ध १९७५ मध्ये संपले. १९७८ पासून हो ची मिन्ह शहराने पुनर्लागवड हाती घेतली. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. असे लांबट कोंब दक्षिण टोकाच्या का माउ भागातून होड्यांनी आणले गेले आणि माणसांनी ते हातांनी चिखलात रोवले. २००० मध्ये युनेस्कोने कान जिओला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

परंतु लागवड मुख्यतः कांदळाच्या एकाच जातीची होती. काही वर्षांच्या फवारणीने गेलेले छत्र दोन दशकांच्या श्रमांनी परतले. मूळ वनातील जातींची सरमिसळ मात्र हातांनी रोवता आली नाही. ती भरतीबरोबर वाहून येणाऱ्या बियांवरच सोपवावी लागली.