प्रोजेक्टरच्या मागची बाजू

प्री-सबमिशन सेमिनारच्या आधी एक काम करा: हॉलमधल्या प्रोजेक्टरची मागची बाजू पाहून या. मी पाहिली नव्हती. वळसंगहून सकाळच्या एसटीने सोलापूरला पोचलो, बॅगेत एचडीएमआय केबल; आणि प्रोजेक्टरला फक्त ती निळी, पंधरा पिनांची व्हीजीए. वीस मिनिटांतली बारा कन्व्हर्टर शोधण्यात गेली. सर काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

व्हीजीए आयबीएमने 1987 मध्ये पीएस/2 संगणकांबरोबर आणली. तेव्हाचे पडदे काचेच्या पिक्चर ट्यूबचे. लाल, हिरवा, निळा रंग किती उजळ, हे कमी-जास्त होणाऱ्या विद्युतदाबावर ठरायचं, म्हणून सिग्नल ॲनालॉग. पुढे सपाट पडदे आले तरी संगणक डिजिटल चित्राचं ॲनालॉग करायचा आणि पडदा ते पुन्हा डिजिटल करून घ्यायचा. हा द्राविडी प्राणायाम टाळायला 1999 मध्ये डीव्हीआय आलं. 2002 च्या अखेरीस ठरलेलं एचडीएमआय सोनी, फिलिप्स, तोशिबा अशा टीव्ही बनवणाऱ्यांचं, म्हणून त्यातून आवाजही जातो. 2006 चं डिस्प्लेपोर्ट मात्र संगणकवाल्यांचं.

डिसेंबर 2010 मध्ये इंटेल आणि एएमडीने जाहीर केलं की 2015 पर्यंत व्हीजीएला रामराम. प्रबंधात कालक्रम मांडताना आपण नेमकं इथेच ‘व्हीजीएचा अंत’ लिहून मोकळे होतो. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराचा आग्रह वेगळा आहे: तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या सालावरून नाही, वापरावरून लिहा. त्याचं म्हणणं मला वाचताना पटलं होतं, कळलं त्या बारा मिनिटांत. प्रोजेक्टर चालतोय तोवर कोण बदलणार?

आता केबल घेताना. एचडीएमआयमधून व्हीजीएत जायचं तर नुसती तार चालत नाही, मधे सिग्नल बदलणारी चिप लागते. डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआयची साधी केबल बहुतेक वेळा एकाच दिशेने चालते: संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट, पडद्याकडे एचडीएमआय. उलटी लावली तर पडदा काळाच. (हेही अनुभवाचे बोल.) आणि यूएसबी-सी बसली म्हणजे चित्र येईलच असं नाही, काही लॅपटॉपांत त्या पोर्टातून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. लॅपटॉपची माहितीपत्रिका वाचा, किंवा सरळ लॅपटॉपच घेऊन दुकानात जा.

माझ्या बॅगेत आता व्हीजीए कन्व्हर्टर कायम असतो. मागच्या महिन्यात ज्युनियरच्या सेमिनारला तोच लागला.