विशेष बालकांच्या शाळा व आपले कर्तव्य

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली प्रसिद्ध होते. ती वाचून कोणाही ज्ञातिबांधवास धन्यता वाटावी, हे योग्यच होय. परंतु ज्या बालकाचे नाव या नामावलीत कधीच येणार नाही, त्याच्या शिक्षणाचाही एक इतिहास आहे. तो वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ घरापासूनच करणे बरे. आमच्या वडिलांची धाकटी बहीण जन्मतःच मंदबुद्धी होती. घरात लग्नमुंज निघाली की आत्याला मागल्या खोलीत बसवीत. सोयरीक जुळविण्यास पाहुणे आले, तर तिचा उल्लेखही होत नसे. शाळेची पायरी तिने कधी पाहिली नाही. तरी वाती वळण्यात तिचा हात धरणारे घरात कोणी नव्हते. आजीने तिला ते शिकविले होते. जिला हे शिकविता आले, तिला आणखी काय शिकविता आले असते, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. पुढे कुलवृत्तांत छापला, तेव्हा तिचे नाव त्यात राहून गेले असे सांगण्यात आले. वस्तुतः ते गाळले गेले.

आमच्या घरात न विचारलेला हा प्रश्न फ्रान्समध्ये फार पूर्वी विचारला गेला होता. आव्हेरोन प्रांतातील रानात सापडलेला एक मुका मुलगा १८०० साली पॅरिसच्या मूकबधिर विद्यालयात आणण्यात आला. नामांकित वैद्य पिनेल यांनी त्याची स्थिती असाध्य ठरविली. तथापि इतार या तरुण डॉक्टरांनी अनेक वर्षे त्याला शिकविले. मुलास वाचा फुटली नाही. परंतु काही लिहिलेले शब्द तो ओळखू लागला. इतार यांचे शिष्य सेगँ यांनी हेच कार्य पुढे नेऊन पॅरिसमध्ये अशा मुलांसाठी छोटी शाळा चालविली आणि नंतर अमेरिकेतही तीच विद्या नेली. आधी हात, डोळा व कान यांस वळण लावावे, म्हणजे बुद्धीस वाट सापडते, हे त्यांच्या पद्धतीचे सार होय.

पुढे १९०० च्या सुमारास रोम येथे डॉ. मारिया माँटेसरी यांनी इतार व सेगँ यांचे ग्रंथ स्वहस्ते उतरवून काढले व मंदबुद्धी मुलांना त्या रीतीने शिकविले. त्यांतील काही मुले सामान्य मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. तेव्हा बाईंच्या मनात आले की, ही मुले एवढी मजल मारतात, तर निरोगी मुलांना शाळाच मागे ठेवीत नसेल ना? या विचारातून १९०७ साली त्यांचे पहिले बालगृह निघाले. आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यामागेही हीच प्रेरणा होती. सारांश, आपली नातवंडे बालवाडीत मणी ओवतात व बुंधे-दांडे रचतात, ती विद्या मूळची मागल्या खोलीतील मुलांसाठी निघालेली आहे. हे ऋण आपण विसरता कामा नये.

मुंबईतील दोन उदाहरणे येथे नमूद केली पाहिजेत. वकील या पारशी दांपत्याच्या दीना नामक कन्येस डाऊन सिंड्रोम होता. तिला योग्य शाळा मिळेना, म्हणून त्यांनी १९४४ साली स्वतःच शाळा सुरू केली. शिवडी येथील जय वकील शाळा ती हीच. पुढे श्रीमती मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी झालेल्या आपल्या कन्येच्या निमित्ताने १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली. त्यांच्या पहिल्या शाळेत आरंभी तीनच मुले होती. ती कन्या मालिनी चिब पुढे मुंबईत पदवीधर झाली, लंडन येथे उच्च शिक्षण घेऊन आली, आणि करंगळीने एकेक अक्षर टंकून तिने आत्मचरित्र लिहिले.

अशा शाळांत वर्ग लहान असतो व प्रत्येक मुलाचा अभ्यासक्रम निराळा असतो. सदऱ्याचे बटण लावणे हादेखील तेथे एक धडा असून त्याच्या पाचसहा पायऱ्या पाडून शिकवितात. नाणी ओळखणे, रस्ता ओलांडणे, दुकानातून जिन्नस आणणे, असे करीत मूल स्वावलंबनाकडे जाते. सर्वच मुले पदवीधर होत नाहीत. परंतु आपल्या हाताने जेवणाऱ्या मुलाच्या आईस त्या घासाचे मोल विचारावे.

मूल लपविण्यामागे बहुधा भावंडांच्या लग्नाची काळजी असते. यास्तव एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. डाऊन सिंड्रोम हा एका जादा गुणसूत्रामुळे होतो, हे १९५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखविले. आणि बहुतेक उदाहरणांत तो आनुवंशिक नसतो. सेरेब्रल पाल्सी ही वाढत्या मेंदूस झालेल्या इजेचा परिणाम होय. यात कुळास कलंक कसला?

२०१६ च्या कायद्याने किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु शाळेपर्यंत मूल नेणे हे घरच्यांचेच काम आहे. आमची कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे की, विद्यार्थी साहाय्य निधीतून अशा मुलांच्या जाण्यायेण्याचा खर्च द्यावा, आणि कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत एकही नाव गाळू नये. आमच्या आत्याचे नाव आम्ही स्वतः लिहून पाठविणार आहोत. ज्यांच्या घरी असे एखादे नाव राहून गेले असेल, त्यांनीही ते अगत्यपूर्वक कळवावे.