परतलेली रयत

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मलकापूरकडे जाणाऱ्या वाटेवर, नळगंगेच्या आश्रयाने वसलेले मोताळा आज तालुक्याचे ठाणे असले, तरी इंग्रजी अमदानीत ते मलकापूर तालुक्यातील एक गाव होते. पाठीशी बालाघाटाची खडकाळ धार, पुढे पायनघाटाची काळी, कसदार भुई आणि पश्चिमेस फार दूर नाही अशी खानदेशची सरहद्द, अशा तिपेडी भूगोलात या मुलखातील कुणब्याचे भाग्य गुंतले होते. सरहद्दीच्या अलीकडे निजामाचा अंमल होता आणि 1818 पासून पलीकडे कंपनी सरकारचा. त्यामुळे गाव सोडणे म्हणजे एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात जाणे होते.

देवगावच्या 1803 च्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाच्या पदरात पडला खरा, परंतु हैदराबादची तिजोरी सदैव रिकामी असल्याने परगण्यांचा वसूल मक्त्याने देण्याची जी वहिवाट पडली, तिने रयतेचा कणाच मोडला. पुरणमल सावकाराने वऱ्हाडचा मोठा भाग मक्त्याने घेतला होता. इंग्रज रेसिडेंटाच्या दडपणामुळे 1839 मध्ये तो दूर झाल्यावर पेस्तनजी मेहेरजी यांच्या पारशी पेढीकडे, सरकारला दिलेल्या कर्जाच्या फेडीपोटी, कित्येक परगण्यांचा वसूल गेला. या पेढीविषयी न्यायाने बोलावयाचे तर वऱ्हाडचा कापूस 1825-26 च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर मुंबईस प्रथम पाठविणारी आणि खामगावास गाठी बांधण्याची सोय करणारी तीच होय. पण मक्तेदार कितीही कर्तबगार असला तरी पुढील साली मक्ता आपल्याकडे राहील याची शाश्वती ज्याला नाही, तो शेतकऱ्याच्या पुढील पिकाची काळजी का वाहील? कुणब्याने बैल जोडले आणि तो सरहद्दीपार गेला. खानदेशातही त्या काळी ओसाड जमीन विपुल होती आणि ती लागवडीस आणणाऱ्यास सरकार सवलतीच्या धाऱ्याने कौल देत होते.

हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी मे 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यात आला, आणि पुढील वर्षांत परागंदा रयत हळूहळू आपल्या शिवारात उतरू लागली. गोऱ्या अंमलदारांना या पुनरागमनात आपल्या न्यायबुद्धीची पावती दिसली, हे मनुष्यस्वभावास धरूनच होते. वस्तुतः परतणाऱ्याने राज्यकर्त्यांच्या सद्गुणांपेक्षा सारा आणि भाव यांचाच हिशेब अधिक बारकाईने केला असावा. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर 1861 नंतर वऱ्हाडात जमीनमोजणी सुरू होऊन तीस वर्षांसाठी धारा कायम होऊ लागला; घाम गाळून वाढविलेले उत्पन्न दुसऱ्या साली मक्तेदाराच्या घशात जाणार नाही, एवढी हमी खातेदारास पुरेशी होती. त्यातच 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवीने लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या व वऱ्हाडी कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला. मलकापुरावरून जाणारी लोहमार्गाची बांधणी 1867 साली नागपूरपर्यंत पोहोचली. तिच्यावरील रोख मजुरीने ज्याच्या नावे बिघाभरही जमीन नव्हती, त्यालाही मुलखात येण्यास कारण दिले. खामगावची शाखा 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या उपस्थितीत खुली झाली, तेव्हा पेस्तनजींच्या गाठींचा बाजार एका पिढीत कोठच्या कोठे गेला होता.

सर्वांचे परतणे मात्र सारखे नव्हते. ज्याच्या घरी पाटीलकी वा पटवारकी होती, त्याला मान, हक्क आणि लवाजमा यांची ओढ असे. वतन दूर राहून जपता येत नाही, म्हणून तो पहिल्या संधीस परतला तर नवल नव्हे. उलट, ज्याने तापीखोऱ्यात कौलाच्या जमिनीवर विहीर बांधून घर केले होते, त्याला जुने गाव ही नुसती आठवण होती. गावाचे प्रेम दोघांनाही असेल. परंतु ज्या प्रेमाला जमिनीच्या कसाची जोड नव्हती, त्याने बैलगाडी मागे वळविल्याचे दाखले क्वचितच सापडावेत.

आणखी एक गोष्ट, जी त्या वेळच्या सरकारी स्तुतिपाठांत ठळकपणे येत नाही. खातेदाराला जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा अधिकार मिळाला होता; त्यामुळे तिची पत वाढली आणि सावकाराच्या वहीत तिचे मोल चढले. अमेरिकेतील युद्ध संपून 1865 नंतर कापसाचे भाव ओसरले, तेव्हा तेजीच्या भरात काढलेले कर्ज मात्र ओसरले नाही. मक्तेदाराच्या जाचाने गाव सोडलेल्यांपैकी काहींना आपल्या बापजाद्यांच्या शेतावर सावकाराची जप्ती पाहावी लागली. फरक इतकाच की, या खेपेस सरहद्द ओलांडून जाण्याचा उपयोग नव्हता, कारण दोन्ही बाजूंना अंमल एकाच सत्तेचा होता.