टेलिफोन एक्सचेंज, परम आणि हायपरकन्व्हर्ज्ड क्लस्टर: एका जाळ्याचा इतिहास

हायपरकन्व्हर्ज्ड क्लस्टरमध्ये स्टोरेजची वेगळी पेटी नसते. प्रत्येक सर्व्हरमध्ये प्रोसेसरही असतो आणि डिस्कही. एखाद्या नोडवर लिहिलेल्या माहितीची निदान एक प्रत दुसऱ्या नोडवर जाते आणि तिकडून पोच आल्यावरच लेखन पूर्ण झाले असे मानतात. म्हणजे नेटवर्क आता डिस्कच्या वाटेवरच येऊन बसले आहे. नेटवर्क मंदावले की डिस्क मंदावली. अशा क्लस्टरसाठी आज जी लीफ-स्पाइन रचना वापरतात, तिचा उगम मात्र संगणकात नसून टेलिफोनमध्ये आहे.

बेल लॅबोरेटरीजमधील चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये एक प्रश्न सोडवला. १०० येणाऱ्या तारा १०० जाणाऱ्या तारांना हव्या तशा जोडायच्या, तर एका सपाट जाळीत १०० × १०० म्हणजे १०,००० जोडबिंदू लागतात. क्लॉस यांनी हे काम लहान स्विचांच्या तीन ओळींत वाटले. पहिल्या ओळीतील प्रत्येक स्विचला १० तारा येत असतील, तर मधल्या ओळीत २ × १० − १ = १९ स्विच पुरतात. मग कोणताही नवा कॉल अडत नाही आणि जोडबिंदू लागतात फक्त ५,७००. विद्यार्थ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर करून पाहावा. पुढचे सारे त्यावरच उभे आहे.

हे गणित आपल्याकडे पुण्यात कामी आले. अमेरिकेकडून क्रे महासंगणक हवा तसा मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात वापरलेल्या प्रत्येक ट्रान्सप्युटरला जोडण्या चारच. त्यामुळे कोण कोणाला जोडायचा, हाच रचनेचा गाभा ठरला. १९९४ च्या परम ९००० मध्ये क्लॉस जाळे आले. त्यावर यंत्र २०० प्रोसेसरपर्यंत वाढवता येत होते. १९९८ च्या परम १०००० साठी तर सी-डॅकने परमनेट हा स्वतःचा स्विच बनवला: ८ पोर्ट, प्रत्येकी दोन्ही दिशांना ४०० मेगाबिट. त्याची दुसरी आवृत्ती २००३ मध्ये बंगळुरूच्या परम पद्ममध्ये बसली. या यंत्रांच्या कौतुकात प्रोसेसरचीच मोजदाद होते. माझ्या मते खरी कमाई जोडणीची होती, कारण प्रोसेसर विकत आणलेले होते.

ऑफिसांतले इथरनेट तोवर वेगळ्या वाटेने चालले होते. १९८५ मध्ये रॅडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री पद्धत दिली. फेरा टाळण्यासाठी ती जास्तीच्या तारा बंद ठेवते. वापरकर्ता वर आणि सर्व्हर खाली अशी वाहतूक असताना हे चालून गेले. सर्व्हर आपापसांतच बोलू लागले तेव्हा विकत घेतलेली निम्मी तार झोपलेली परवडेना. २००८ मध्ये अल-फारेस, लुकिसास आणि वाहदात यांनी साध्या, स्वस्त इथरनेट स्विचांतून क्लॉस कुळातले जाळे उभारून सगळे मार्ग एकदम वापरता येतात हे दाखवले. पुढच्याच वर्षी न्यूटॅनिक्स स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी मोहित अरोन यांनी आधी गुगल फाइल सिस्टिमवर काम केले होते. विखुरलेले स्टोरेज आणि त्याला पेलणारे जाळे साधारण एकाच काळात हाताशी आले.

आता एक काल्पनिक उदाहरण. आनेकल तालुक्यात जिगणी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याला चार नोडचे क्लस्टर हवे आहे. इथे स्पाइनची गरज नाही. दोन स्विच घ्यावेत, प्रत्येक नोड दोन्हींना जोडावा. पण स्विचमध्ये काटकसर नको. एक नोड बंद पडला की उरलेले तीन नोड हरवलेल्या प्रती पुन्हा बनवू लागतात. अशा वेळी २० टेराबाइट माहिती एकाच १० गिगाबिट तारेतून न्यायची झाली, तर तार पूर्ण मोकळी असूनही साडेचार तास जातात. काम तीन नोडांत वाटले गेले की वेळ घटतो. त्याच तारांवरून कारखान्याचे रोजचे लेखनही चालू असते. रॅक वाढले की लीफवरचा हिशोब येतो: खाली २५ गिगाबिटचे ४८ पोर्ट म्हणजे १,२००, वर १०० गिगाबिटचे ६ म्हणजे ६००. हे दोनास एक प्रमाण एरवी खपते. प्रती पुन्हा बनत असताना खपेलच असे नाही. क्लॉस यांच्या एक्सचेंजमध्ये सगळ्यांनी एकदम फोन उचलला तरी कॉल अडत नसे, आणि त्याची किंमत मधल्या ओळीतल्या १९ स्विचांत मोजलेली होती.