आधीं मीठ, मग डोहाळे

न्यू गिनी बेटाच्या डोंगरांत जिमी नांवाचें खोरें आहे. तेथील मातींत, म्हणून अन्नांतही, आयोडीन अत्यल्प. त्यामुळें कित्येक मुलें जन्मतःच बहिरीं-मुकीं व बुद्धीनें खुंटलेलीं निपजत. १९६६ सालीं डॉ. फॅरो प्रभृति संशोधकांनीं एकाआड एक कुटुंबास आयोडीनयुक्त तेल टोचलें. इतरांस केवळ मिठाचें पाणी. पुढें इतरांच्या ५३४ मुलांत अशीं २६ निघालीं. तेल टोचलेल्यांच्या ४९८ मुलांत अवघीं ७, आणि त्यांपैकीं ६ जणांच्या माता टोचतेवेळींच गर्भवती होत्या. उपाय तोच, वेळ मात्र टळली होती! गर्भाच्या मेंदूची घडण सुरू होते तेव्हां त्याची स्वतःची थायरॉईड ग्रंथि कामास लागलेली नसते. सारी भिस्त मातेवर. म्हणून आयोडीनयुक्त मिठाची काळजी डोहाळे लागण्यापूर्वींच घ्यावयास हवी.