इंजिनातील ठोका आणि शिशाचे पेट्रोल

१/
गाडीच्या इंजिनातून बारीक शिट्टी येऊ लागली, की जाणता मेकॅनिक रबरी नळीचे एक टोक कानाला लावतो आणि दुसरे इंजिनाभोवती फिरवतो. चिरलेला होज किंवा सैल गॅस्केट सापडते. ते बदलले की हवेची गळती थांबते आणि शिट्टीही. १९१० च्या दशकात मात्र मोटारींना असा एक आवाज जडला होता, की सारे सांधे तपासूनही त्याचे मूळ हाती लागत नव्हते. त्याच्या निदानाची आणि जगाला महागात पडलेल्या उपायाची ही कहाणी.

२/
चढावर ताण पडताच सिलिंडरमधून हातोडी आपटावी तसा ‘टकटक’ आवाज येई. यालाच नॉकिंग म्हणतात. त्रास केवळ कानांना नव्हता. सिलिंडरमधील इंधन आणि हवेचे मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके अधिक काम त्याच इंधनातून मिळते. पण दाब वाढवला की नॉकिंग वाढे आणि पिस्टनला इजा होई. अधिक ताकदीच्या, कमी इंधन खाणाऱ्या इंजिनाची वाट या आवाजाने अडवली होती.

३/
अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहरी चार्ल्स केटरिंग हे अभियंते राहत. १९१२ च्या कॅडिलॅकला हँडल न मारता विजेवर सुरू करण्याची सोय त्यांचीच. टीकाकारांनी नॉकिंगचे खापर त्यांच्या बॅटरी इग्निशनवर फोडले. १९१६ मध्ये केटरिंग यांनी टॉमस मिजली या तरुण यांत्रिकी अभियंत्याकडे या आवाजाचा शोध सोपवला.

४/
मिजली यांनी सिलिंडरच्या दाबमापकाला आरसा जोडला आणि त्यावरून परावर्तित होणारा किरण फिरत्या फिल्मवर पाडला. दाबाचा चढउतार रेषेच्या रूपाने उमटला. मिश्रण ठिणगीपूर्वीच पेटते, असा अनेकांचा समज होता. रेषेने वेगळेच सांगितले. ज्वलन वेळेवर सुरू होई. दाब त्यानंतर एकाएकी उसळे. ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण स्वतःहून पेटत होते. दोष इग्निशनचा नव्हता, इंधनाचा होता.

५/
यानंतरचा प्रवास विलक्षण आहे. इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषील, असा तर्क लढवला गेला. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन घातले. ठोके थांबले! पुढे खरे लाल रंग आणून पाहिले, तर एकही चालेना. उलट आयोडीनचे रंगहीन संयुग चालले. तर्क चुकीचा, परिणाम मात्र खरा. मग अॅनिलीन, सेलेनियम, टेलुरियम अशी एकेका द्रव्याची परीक्षा सुरू झाली.

६/
९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक सेंद्रिय संयुग, इंजिनात वापरून पाहिले गेले. गॅलनभर पेट्रोलला अगदी थोडे थेंब पुरले आणि इंजिन शांत झाले.

७/
शिसे विषारी आहे हे तेव्हा गुपित नव्हते. रोमन काळापासून त्याचे दुष्परिणाम नोंदलेले आहेत. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबते, हे मिजली यांना ठाऊक होते. पण अल्कोहोल बरेच लागे आणि त्यावर कोणाची मक्तेदारी शक्य नव्हती. शिशाचे मिश्रण स्वस्त होते आणि त्याचे पेटंट घेता येत होते.

८/
फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनला विक्री सुरू झाली. नाव ठेवले ‘एथिल’. त्यात शिशाचा उल्लेखच नव्हता. त्याच सुमारास खुद्द मिजली शिशाच्या विषबाधेतून सावरत होते.

९/
ऑक्टोबर १९२४. न्यू जर्सीतील बेवे येथे हे द्रव्य बनवणाऱ्या कामगारांना भास होऊ लागले, झटके येऊ लागले. पाच जण दगावले, आणखी कित्येक रुग्णालयात पोहोचले. न्यूयॉर्क शहराने विक्री बंद केली. ३० ऑक्टोबरला मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि मिनिटभर हुंगून दाखवले.

१०/
मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. औद्योगिक आजारांच्या तज्ज्ञ डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी धोक्याचा इशारा दिला. सरकारी समितीने काही महिन्यांची पाहणी केली आणि बंदीला पुरेसे कारण नसल्याचे १९२६ मध्ये ठरवले. शिसे तर शरीरात वर्षानुवर्षे साचत जाणारे. अल्पकाळाच्या पाहणीत ते कसे दिसावे?

११/
पृथ्वीचे वय निश्चित करणारे क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले, की माणसाच्या शरीरातील शिशाची पातळी नैसर्गिक मुळीच नाही. लहान मुलांच्या मेंदूची हानी पुढे स्पष्ट होत गेली. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही शिशाने निकामी होत; १९७५ पासून अमेरिकेत शिसेविरहित पेट्रोल त्यांच्यासाठीच अनिवार्य ठरले. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत ते मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली. डेटनच्या प्रयोगाला तेव्हा शंभर वर्षे होत आली होती.

१२/
आजच्या गाडीत इंजिनाला नॉक सेन्सर जोडलेला असतो. ठोक्याची चाहूल लागताच तो संगणकाला कळवतो आणि ठिणगी किंचित उशिरा पडते. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते, त्यातील काही महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांतून येते. इथेनॉल म्हणजे तेच अल्कोहोल, जे १९२१ पूर्वीही उपलब्ध होते. मिजली यांचे निदान अचूक होते. पण उपाय निवडताना इंजिन शांत झाले की नाही एवढेच पाहिले गेले. धुराड्यातून बाहेर पडणारे शिसे कोणाच्या अंगात जाणार, हा प्रश्न विचारणाऱ्यांना पुढची पन्नास वर्षे थांबावे लागले.