जत्रेच्या तंबूतली आई

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आजचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. घरात, शेतात, तुळजाभवानीच्या आरतीत मराठी. कचेरीत आणि वरच्या वर्गांत उर्दू. पुढेही १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यातच राहिला. त्याच काळात, १९५३ साली, आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ निघाला. साने गुरुजींची कोकणातली आई वनमालाबाईंनी उभी केली, माधव वझे श्याम झाला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मराठी चित्रपटाला मिळालं. ज्या मुलखात मायबोलीला दरबारी मान नव्हता, तिथे घरच्या भाषेत रागावणारी, समजावणारी आई पडद्यावर दिसणं ही मोठी गोष्ट होती.

पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेलाही स्वतःचं राज्य नव्हतं. तिचा सिनेमा १९३६ ते १९३९ या मोजक्या वर्षांत बहरला. जोसेफ ग्रीन यांच्या १९३८ च्या ‘अ ब्रिवेले देर मामेन’ची नायिकाही आईच: नवरा अमेरिकेला निघून गेलेला, लेकरं दुरावलेली आणि घर तिच्या एकटीच्या अंगावर. पुढच्याच वर्षी पोलंडवर हिटलरचं सैन्य चालून आलं. तो सिनेमा पाहणारे लाखो लोक मारले गेले.

मराठीचा प्रेक्षक मात्र वाढत गेला. थिएटर तालुक्याच्या गावी. खेड्यात सिनेमा यायचा तो जत्रेबरोबर. ट्रकमधून तंबू, पडदा, प्रोजेक्टर उतरायचा, भोंग्यावरून पुकारा व्हायचा. माणसं जमिनीवर बसत, बाया एका अंगाला. पौराणिक आणि तमाशापट चालत, तसेच कौटुंबिकही.

या तंबूंनी ‘माहेरची साडी’ डोक्यावर घेतला. १९९१ चा विजय कोंडके यांचा हा चित्रपट ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावरून केलेला. बाप जिचा दुस्वास करतो आणि सासू जिला छळते, ती लेक म्हणजे अलका कुबल. सासू उषा नाडकर्णी. जाणकारांनी त्याला रडका म्हणून बाजूला सारलं, आणि तिथेच त्यांचा अंदाज चुकला. ज्या सासुरवाशिणीला घरात मोकळेपणी रडता येत नव्हतं, तिला तंबूच्या अंधारात शेजारणीबरोबर रडता आलं. ती तिकीट काढून आपलंच दुःख पाहत होती, आणि ते सगळ्यांसमोर मांडलं जात होतं.

पुढे घरोघरी टीव्ही आले, रिळांचे चित्रपट थांबले, कित्येक तंबूमालकांनी प्रोजेक्टर भंगारात काढले.